अजिंठा, वेरूळ, देवगिरी आणि पितळखोरा: चार दिवसांची आखणी कशी करावी

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास लेणी, किल्ले आणि अभयारण्ये इतकी जवळजवळ आहेत की नकाशा पाहून सगळे दोन दिवसांत उरकेल असे वाटते. तसे होत नाही. सकाळी वेरूळ आणि दुपारी अजिंठा असा बेत आखणारे गाडीत पाच-सहा तास घालवतात आणि लेण्यांत जेमतेम तीन. अजिंठ्याची चित्रे अंधारात आहेत, डोळे सरावल्याशिवाय ती दिसतच नाहीत. वेरूळचे कैलास लेणे दुपार कलल्यावर उजळते. म्हणून आधी वार ठरवायचे, मग कोणत्या वेळी कुठे असायचे ते ठरवायचे आणि गाडी, हॉटेल वगैरे त्यानंतर.

वारांचे गणित

अजिंठा सोमवारी बंद असते, वेरूळ मंगळवारी. सर्वाधिक सहली इथेच फसतात. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी मिळाली की अनेक जण शेवटचा दिवस अजिंठ्यासाठी ठेवतात आणि बंद फाटकासमोर उभे राहतात. हाताशी सोमवार-मंगळवारच असतील तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा करा, दोन्ही उघडी मिळतील.

चार दिवस मिळाले तर बुधवार ते शनिवार हा क्रम उत्तम. बुधवारी देवगिरी किल्ला आणि शहरातील स्थळे, गुरुवारी वेरूळ, शुक्रवारी पितळखोऱ्याची लेणी आणि गौताळा अभयारण्य, शनिवारी अजिंठा आणि तिथूनच जळगावमार्गे परत. अजिंठा संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे, तर जळगाव अजिंठ्यापासून ६० किलोमीटरच्या आसपास. जळगाव हे मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचे जंक्शन असल्याने मुंबई किंवा नागपूरकडे जाणाऱ्यांनी पुन्हा संभाजीनगरला येण्याचे कारण नाही. दोनच दिवस असतील तर एक अजिंठ्याला आणि एक वेरूळला द्या, देवगिरी पुढच्या खेपेला.

ऋतूंपैकी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सोयीचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, काळा कातळ तापतो आणि अनवाणी पायांना चटके बसतात. पावसाळ्यात डोंगर हिरवे असतात, अजिंठ्याचा वाघोरा नदीवरचा सातकुंडांचा धबधबा आणि वेरूळची सीतेची न्हाणी वाहती असते. पण आभाळ भरलेले असले की लेण्यांत उजेड फार कमी येतो आणि पायऱ्यांवर शेवाळ धरते. धबधबे पाहायचे असतील तर ऑगस्टमध्ये जा, चित्रे पाहायची असतील तर डिसेंबरमध्ये.

तिकिटे आणि सोबतचे सामान

अजिंठा, वेरूळ, देवगिरी, बीबी का मकबरा आणि औरंगाबाद लेणी ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील स्थळे आहेत. प्रत्येकाचे तिकीट वेगळे. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. ऑनलाइन काढलेले तिकीट खिडकीवरच्यापेक्षा थोडे स्वस्त पडते आणि रांगही वाचते. मात्र त्याची प्रत घरूनच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, घळीत नेटवर्क मिळेल याचा भरवसा नाही. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि १९ नोव्हेंबर हा वारसा सप्ताहाचा पहिला दिवस, या दोन तारखांना प्रवेश मोफत असतो. तेव्हा गर्दीही तशीच असते, शांतपणे पाहायचे असेल तर त्या टाळा.

पिशवीत माणशी दोन लिटर पाणी, टोपी, छोटी दुर्बीण आणि मंद उजेडाची विजेरी घ्या. दुर्बीण अनेकांना अनावश्यक वाटते, पण छतावरची नक्षी आणि वेरूळच्या उंच भिंतींवरचे शिल्पपट तिच्याशिवाय नीट दिसत नाहीत. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात, तीही दिवसातून अनेकदा. नाडीचे बूट घातले तर त्यातच वेळ जातो. पायात सहज निघणारी पण मागे पट्टा असलेली चप्पल किंवा सँडल आणि खिशात जाड मोज्यांचा जोड ठेवा. खाण्याचे पदार्थ हातात धरून चालू नका, अजिंठा आणि देवगिरी दोन्हीकडे माकडे पिशवीवर झडप घालतात. कड्यांना आग्या मोहोळाची पोळी असतात. तिथे आरडाओरडा, धूर किंवा दगड मारणे जिवावर बेतू शकते.

वाटाड्या घ्यायचा असेल तर त्याचे ओळखपत्र पाहा, दर आणि वेळ आधी ठरवा. अमुक लेणी आत शिरून पाहायची आहेत हेही त्याला आधीच सांगा, नाहीतर सात-आठ लेणी बाहेरूनच दाखवून फेरी संपते.

पहिला दिवस: देवगिरी आणि शहर

शहरापासून १५ किलोमीटरवरचा देवगिरी, म्हणजेच दौलताबादचा किल्ला. यादव राजा भिल्लम पाचवा याने बाराव्या शतकात इथे राजधानी वसवली, तेराव्या शतकाच्या अखेरीस अलाउद्दीन खिलजीने त्यावर स्वारी केली आणि १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली. माथ्यापर्यंत जाऊन यायला तीन तास धरा आणि फाटक उघडताच चढायला लागा. दहानंतर उघड्या पायऱ्यांवर ऊन असह्य होते.

किल्ला नुसता चढून जाण्यापेक्षा तो कसा लढवला जाई ते पाहत जा. पहिल्या दरवाजांवर हत्तींना रोखणारे लोखंडी खिळे आहेत आणि वाट मुद्दाम काटकोनात वळवली आहे, म्हणजे हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये. पुढे पंधराव्या शतकातला चांद मिनार आणि चिनी महाल. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह औरंगजेबाच्या कैदेत होता तो याच महालात. चिनी महालाजवळच्या बुरुजावर मेंढ्याच्या तोंडाची मेंढा तोफ आहे. त्यानंतर खंदक लागतो. इथे थांबून वर पाहा. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून उभा केलेला आहे. तिथे शिडी लावायला जागा नाही आणि हाताला धरायला खाच नाही.

खंदकापलीकडे अंधारी हे कातळात खोदलेले वळणावळणाचे भुयार आहे. विजेरी इथे लागतेच. वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र वास येतो आणि पायऱ्या निसरड्या असतात. दम्याचा त्रास असलेल्यांनी नाकाला रुमाल बांधावा किंवा खंदकापासून मागे फिरावे. लहान मुलांचा हात सोडू नका. वर बारादरी आहे आणि माथ्यावरही तोफ आहे. वाटेत पाणी मिळेल असे समजू नका.

दुपारी शहरात परत या. ऊन उतरल्यावर बीबी का मकबरा पाहा. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने आई दिलरस बानू बेगम हिच्यासाठी सतराव्या शतकात बांधलेली ही कबर. संगमरवर मुख्यत्वे खालच्या भागात आणि घुमटाला आहे, बाकी बरेचसे बांधकाम चुन्याच्या गिलाव्याचे. जवळ जाऊन भिंतीवरचे गिलाव्याचे नक्षीकाम पाहा, ताजमहालाशी तुलना करण्याच्या नादात तेच नेमके राहून जाते. मकबऱ्यामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी फार थोडे लोक पाहतात. सातव्या क्रमांकाच्या लेण्यातील शिल्पे एवढी उत्तम आहेत की त्यासाठी तासभर नक्की द्यावा. मात्र दिवस मावळायच्या आत जाऊन या.

दुसरा दिवस: वेरूळ

वेरूळ शहरापासून ३० किलोमीटरच्या आत आहे. वाटेत खुलदाबाद लागते. तिथे औरंगजेबाची उघड्यावरची साधी कबर आणि मलिक अंबरचा मकबरा आहे. भद्रा मारुतीही इथलाच, आणि ही मूर्ती निद्रिस्त आहे. यांपैकी काय पाहायचे ते वेळेप्रमाणे ठरवा, पण दहाच्या आत वेरूळच्या फाटकावर असा.

लेणी ३४ आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. कडा सुमारे दोन किलोमीटर लांब, दक्षिणेकडून उत्तरेकडे पसरलेला आणि तोंड पश्चिमेला. म्हणजे सकाळी सगळी लेणी सावलीत असतात आणि दुपारनंतर ऊन थेट आत शिरते. फाटकातून आत येताच १६ क्रमांकाचे कैलास लेणे समोर येते. बहुतेक जण सकाळीच त्यात शिरतात, दोन तास घालवतात आणि दमून बाकीची लेणी सोडून देतात. उलटा क्रम धरा.

आधी वाहनाने उत्तर टोकाला जैन लेण्यांकडे जा. ३२ क्रमांकाची इंद्रसभा पाहा. वरच्या मजल्यावरचे खांब आणि छतावरचे कमळ यांवर वेरूळमधले सर्वांत बारीक काम आहे. परतताना २९ क्रमांकाचे धुमार लेणे. पावसाळ्यात त्याच्याजवळच धबधबा कोसळतो. मग दक्षिणेला बौद्ध लेण्यांकडे वळा. १० क्रमांकाच्या चैत्यगृहात (बौद्ध प्रार्थनास्थळात), ज्याला विश्वकर्मा किंवा सुताराची झोपडी म्हणतात, छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. लाकडी बांधकामाची सवय दगडातही कशी टिकली याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागत नाही. १२ क्रमांकाच्या तीन तालाच्या तिसऱ्या मजल्यावर चढून जा, तिथल्या बुद्धमूर्तींच्या रांगा खालून दिसत नाहीत. ५ क्रमांकाच्या लांबट दालनात जमिनीतून वर आलेले दोन समांतर दगडी बाक आहेत.

जेवण दीडच्या सुमारास उरका. त्यानंतर १५ क्रमांकाचे दशावतार लेणे, आणि तीनच्या सुमारास कैलास.

कैलासात शिरण्यापूर्वी बाजूच्या पायवाटेने डोंगरावर चढा आणि ते वरून पाहा. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, कारागिरांनी माथ्यावरून खंदक खोदत मधला कातळ सुटा केला आणि वरून खाली कोरत आणला. कळस आधी, पाया शेवटी. त्यामुळे फार उंच परांच्या बांधाव्या लागल्या नाहीत, पण चुकलेला घाव दुरुस्त करायची सोयही नव्हती. ही गोष्ट वरून पाहिल्यावर जितकी पटते तितकी खालून पटत नाही. कड्याच्या अगदी काठावर जाऊ नका, सुट्या मुरमावरून पाय घसरतो.

खाली आल्यावर थेट गाभाऱ्याकडे न जाता अंगणातून पूर्ण प्रदक्षिणा घाला. उत्तरेच्या भिंतीवर महाभारताचे पट आहेत, दक्षिणेच्या भिंतीवर रामायणाचे. दक्षिणेलाच कैलास हलवणारा रावण आहे. पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे आणि दासी पळते आहे. हे शिल्प खोल कोनाड्यात असल्याने दुपारचे तिरपे ऊन आले की त्याला खोली येते. कुठे कुठे पांढऱ्या गिलाव्याचे आणि रंगाचे तुकडे शिल्लक आहेत. एकेकाळी हे सगळे मंदिर गिलावा देऊन रंगवलेले होते, म्हणून त्याला रंगमहाल असेही म्हणत. उत्तरेकडच्या जिन्याने लंकेश्वर लेण्यातही जाऊन या.

घृष्णेश्वराचे मंदिर लेण्यांपासून किलोमीटरभराच्या आत आहे. हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आणि आजचे मंदिर अठराव्या शतकात होळकरांच्या काळातले. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो. सोमवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला दर्शनाची रांग काही तासांची होऊ शकते आणि त्या दिवशी लेण्यांच्या रस्त्यावरही गाड्या अडकतात. मुक्काम वेरूळलाच केला तर दुसऱ्या दिवशीचा प्रवास हलका होतो.

तिसरा दिवस: पितळखोरा आणि गौताळा

वेरूळहून कन्नडच्या दिशेने सुमारे ४० किलोमीटरवर पितळखोऱ्याची लेणी आहेत, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या परिसरात. हे अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. इथे वन विभागाचे नियम लागू होतात: दिवसाउजेडी प्रवेश, दिवसाउजेडीच बाहेर, गाडीचा हॉर्न आणि गाणी बंद, फांदी तोडायची नाही की दगड उचलायचा नाही. आत दुकान नाही. पाणी माणशी तीन लिटर, खाणे आणि कचऱ्यासाठी पिशवी सोबत हवी.

पठारावर गाडी लावून शेकडो पायऱ्या उतरून घळीत जायचे. उतरणे सोपे वाटते, परतीची चढण दम काढते. म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच घळ पाहावी. लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराची, म्हणजे अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या बरोबरीची. तिसऱ्या लेण्यातील चैत्यगृहाच्या खांबांवर रंगीत चित्रांचे अवशेष आहेत. चौथ्याच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. कातळ ठिसूळ असल्याने पुष्कळ भाग ढासळला आहे, तेव्हा अर्ध्या तुटलेल्या छताखाली उभे राहू नका. जोराच्या पावसात घळीतल्या ओढ्याला अचानक पाणी येते. आभाळ दाटलेले दिसले की उतरूच नका.

गौताळ्यात वाघ पाहायच्या अपेक्षेने जाऊ नये. हे पानझडी जंगल आहे, पक्ष्यांसाठी आणि पावसाळ्यानंतरच्या हिरवाईसाठी जावे. चाळीसगावच्या बाजूने पाटणादेवीचे जंगल याच डोंगररांगेत येते. दुपारी वेळ उरलाच तर पाटणादेवीला जा, नाहीतर सरळ अजिंठ्याजवळच्या फर्दापूरला मुक्कामाला निघा. रस्ता मोठा आहे, अंधारात घाटात सापडू नका.

चौथा दिवस: अजिंठा

एसटीने येणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: अजिंठा गाव आणि अजिंठा लेणी वेगळी आहेत, मध्ये दहा किलोमीटरहून जास्त अंतर. वाहकाला "लेणी फाटा" सांगा, नाहीतर गावात उतरवले जाल. फर्दापूरजवळच्या या फाट्यावर खासगी गाड्या थांबतात. तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर एसटीच्या बसनेच जावे लागते, घळीत धूर आणि वर्दळ वाढू नये म्हणून. तिकिटाची खिडकी बसने गेल्यावर पुढे आहे. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच विचारून ठेवा.

लेणी सकाळी ९ ला उघडतात आणि सायंकाळी साडेपाचला बंद होतात. सुरुवातीच्या पायऱ्या चढताना ज्येष्ठांना त्रास होणार असेल तर डोली मिळते. एकदा वर पोहोचले की वाट बरीचशी सपाट आहे.

पहिल्या बसने पोहोचलात तर १ आणि २ क्रमांकाची लेणी ताबडतोब पाहा. चित्रलेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात, कारण श्वासातून वाढणारा दमटपणा चित्रांना घातक आहे. दहानंतर पोहोचलात तर रांगेत न थांबता सरळ २६ पर्यंत चालत जा आणि उलटे येत राहा. दीडच्या सुमारास बरेच जण जेवायला गेलेले असतात, तेव्हा पहिल्या लेण्यात जागा मिळते.

लेण्यांचे क्रमांक जागेप्रमाणे आहेत, काळाप्रमाणे नाहीत. ९ आणि १० ही सर्वांत जुन्यांपैकी, सातवाहन काळाच्या आसपासची. १, २, १६, १७, १९, २६ ही वाकाटक राजा हरिषेणाच्या काळाच्या आसपासची, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. १६ क्रमांकाचे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने दान दिले, तसा शिलालेख तिथे आहे.

एक सूचना मनापासून: चित्रांच्या मध्येच केव्हातरी २४ क्रमांकाच्या अपुऱ्या लेण्यात दहा मिनिटे उभे राहा. आधी छतालगत लांब गल्ल्या खोदायच्या, मग मधले बंध फोडून दालन मोकळे करायचे आणि खांबांसाठी ठेवलेला दगड शेवटी घडवायचा, हा क्रम छिन्नीच्या खुणांसकट तिथे दिसतो. हे पाहिल्यावर बाकीची लेणी वेगळ्याच नजरेने पाहिली जातात.

चित्रे पाहताना आत शिरल्यावर पाच मिनिटे नुसते उभे राहा. मोबाइलचा पडदा पाहू नका, बाहुल्या पुन्हा आकसतात. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या दोन बाजूंना पद्मपाणी आणि वज्रपाणी या बोधिसत्त्वांची चित्रे आहेत. तिथेच एका खांबावर चार हरणांना एकच डोके कोरले आहे, ते शोधा. १७ मध्ये जातककथांची, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांची, सर्वाधिक चित्रे टिकली आहेत. भिंत चौकटीत विभागलेली नाही, एक प्रसंग दुसऱ्यात मिसळतो. म्हणून आधी घरे, दारे, झाडे पाहा, त्यांनी प्रसंग वेगळे केले आहेत. दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८१९ मध्ये कोरलेले नाव आहे. ते डोक्यापेक्षा उंचावर आहे, कारण तेव्हा लेण्यात गाळ साचलेला होता. २६ मध्ये डाव्या भिंतीला बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे सात मीटरच्या आसपास लांबीचे शिल्प आहे. खाली शोक करणारे शिष्य, वर आनंदित देवता.

फ्लॅश पूर्ण बंद. मातीच्या लेपात कोंडा आणि गवताचे तंतू मिसळून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर कोरड्यावर दिलेले रंग, अशी ही चित्रे आहेत. तीव्र प्रकाश आणि बोटांचा घाम दोन्ही त्यांना मारक. तिपाईला परवानगी लागते. तेव्हा कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवा, कोपर छातीशी घट्ट धरा, श्वास सोडून झाल्यावर बटण दाबा आणि प्रत्येक चित्राचे तीन-चार फोटो घ्या, एखादा तरी स्थिर येतो. भिंतीला, खांबाला टेकू नका. संरक्षित स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे.

निघण्याआधी तासभर हाताशी असेल तर लेण्यांखालच्या पुलावरून नदी ओलांडून समोरच्या टेकडीवर चढा. घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा आणि त्यातली सगळी लेणी एका दृष्टिक्षेपात तिथूनच येतात. भर उन्हात मात्र ही चढण टाळा.

पाचवा दिवस मिळालाच आणि पुढे विदर्भाकडे जायचे असेल तर बुलढाणा जिल्ह्यातले लोणार घ्या. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आतले पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे, त्यात उतरू नका, तोंड धुऊ नका. खाली उतरण्याचा निर्णय सकाळी नऊच्या आत घ्या. त्यानंतर विवराच्या तळाशी वारा पडतो आणि परतीची चढण उन्हात करावी लागते. गावातले दैत्यसूदन मंदिर चढून आल्यावर पाहा.